टोपी ओली कशी झाली

१ सप्टेंबर, सोमवार

प्रिय ताई,

अकरा वर्षांनी तुझं पत्र आलं आणि त्यात "कशी आहेस" एवढंसुद्धा नाही. तीन ओळी. "तू भिंगरीची धर्ममाता व्हायला नाही म्हणालीस. गुडघे दुखतात म्हणे. ती रडत होती, खरं कारण काय?" सरकारी नोटीसही याहून प्रेमाने येते.

खरं कारण गुडघेच आहेत. बाप्तिस्म्याचा विधी तासभर चालतो. धर्ममातेने तेवढा वेळ शेजारी उभं राहायचं, खांद्यावर हात ठेवायचा आणि सगळ्यांसमक्ष सांगायचं की या मुलीला मी ओळखते, हिच्या श्रद्धेची जबाबदारी मी घेते. प्रसूतिकक्षात नर्स म्हणून चौतीस वर्षं उभ्याने काढली, आता गुडघ्यांनी संप पुकारला तर त्यांचं काय चुकलं? प्रार्थनागटातल्या बाई उभ्या राहतील. त्या माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत आणि त्यांना पुढे उभं राहायची हौसही आहे.

आता तू न लिहिलेल्या चौथ्या ओळीचं उत्तर. मी तुझ्या लेकीला चर्चात ओढलेलं नाही. ती शिकायला या शहरात आली, रविवारी माझ्याकडे जेवायला येऊ लागली. जेवण झालं की माझी इस्त्री, माझा रेडिओ, जे नीट चालू आहे तेही उघडून बसते. दीड वर्षापूर्वी फादरांच्या माइकची घरघर काढायला म्हणून चर्चात गेली. माइक वीस मिनिटांत दुरुस्त झाला आणि ही दोन तास तिथेच बसून राहिली. मी बाहेर बाकावर होते, तोंडाला कुलूप लावून. एकदा हात पोळले होते ना माझे.

नंतर तीच फादरांकडे जाऊ लागली, वर्षभर शिकली, आणि २८ तारखेचा रविवार ठरला. मोठी झाल्यावर तुझं तू ठरव, असं तू तिला पहिल्यापासून सांगत आलीस. तू तुझा शब्द पाळलास.

तुझी आई

ता. क. नाव नोंदवताना फादर काय काय विचारतात, हे भिंगरीने तुला सांगितलंय का? सहज विचारते.

६ सप्टेंबर, शनिवार

प्रिय ताई,

कुरियरने पाठवलंस म्हणजे रागही तातडीचा दिसतो. हो, मी रोज सकाळी चर्चात मिस्सेच्या प्रार्थनेला चालत जाते. हो, जिन्याच्या बेचाळीस पायऱ्या चढते. भिंगरीने सगळं सांगितलेलं दिसतंय. बरं, गुडघ्यांचा विषय सोडून देऊ.

तुझी शेवटची ओळ मी चार वेळा वाचली. "मला तुझा देव पटत नाही, हे तुला माहीत आहे. तरी मी येणार आहे, कारण ही तिची स्वतःची निवड आहे, तिच्यावर कोणी लादलेली नाही." चौथ्यांदा वाचून झाल्यावर हे लिहायला बसले.

तू ताई का, हे तू मला कधी विचारलं नाहीस. घरात धाकटं कोणी नसताना सगळे तुला ताई म्हणतात, याचं तुला कधी नवल वाटलं नाही? तू तीन वर्षांची असताना तुला भाऊ झाला. दोन दिवस जगला. माझं ऑपरेशन झालेलं, मी वरच्या मजल्यावर, तो खालच्या काचेच्या पेटीत. तुझे बाबा म्हणाले, रविवारी सगळे जमले की थाटात बाप्तिस्मा करू. तो शुक्रवारी गेला. ज्या वॉर्डात मी परक्यांच्या कितीतरी पोरांच्या डोक्यावर, त्यांच्या आईबापांनी हात जोडले म्हणून, पाणी घातलं होतं, त्याच वॉर्डात माझा मुलगा कोरडा गेला. मरणाच्या दारात कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, पाद्रीच लागतो असं नाही. मी खाली निरोप पाठवला असता तर कुठल्याही सिस्टरने दिला असता. मी पाठवला नाही, कारण तो वाचेल असं मला वाटत होतं. तेव्हाच्या फादरांनी त्याला, बाप्तिस्मा नाही म्हणून, कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर पुरायला लावलं. आता तसं करत नाहीत. तेव्हा करत होते.

हे सगळं आताच का लिहितेय ते मलाही नीट सांगता येत नाही. फादर येत्या दिवसांत भिंगरीचा फॉर्म भरणार आहेत. त्यात एक प्रश्न असतो: यापूर्वी बाप्तिस्मा झाला आहे का? झाला असेल तर पुन्हा देता येत नाही. माणूस एकदाच जन्मतो, तसा तोही एकदाच. भिंगरी "नाही" लिहील. तिला तेच माहीत आहे.

पुढचं आज लिहवत नाही.

तुझी आई

११ सप्टेंबर, गुरुवार

प्रिय ताई,

हे पत्र बसून वाच.

भिंगरी पाच आठवड्यांची होती. तुमची तेव्हा ती दोन खोल्यांची जागा होती, स्वयंपाकघराला दार नव्हतं, नुसता पडदा. मी बाळंतपणाला आले होते आणि आल्याआल्या तू माझ्याकडून शब्द घेतला होतास: बाप्तिस्म्याचं नाव काढायचं नाही. मी "तू म्हणशील तसं" म्हणाले होते.

तिला ताप आला, छाती भरली. तीन दिवस तू पापणी मिटली नव्हतीस. चौथ्या दिवशी दुपारी जावई औषध आणायला गेले आणि मी तुला म्हटलं, पड जरा, मी बघते. तू आतल्या खोलीत आडवी झालीस. पोर माझ्या हातात जळत होती. मला वाटलं, ही जाते. मला वाटलं, पुन्हा कुंपण.

उकळून गार केलेलं पाणी होतं. मी कोपर बुडवून पाहिलं, कोमट होतं. तिची टोपी मागे सरकवली, सिंकवर डोकं धरलं आणि पेल्यातून तीनदा पाणी घातलं. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते. ती रडली नाही. टक लावून माझ्याकडे बघत होती.

तिचं डोकं पुसलं, टॉवेल पिळून धुण्याच्या टबात खाली दडपला. पडदा सारून तुझ्या खोलीत आले तर तू पलंगावर बसलेली, पायांत चपला. मला वाटलं, नुकतीच उठलीस. तू तिला घेतलंस, डोक्यावरून हात फिरवलास आणि विचारलंस, "आई, टोपी ओली कशी झाली?"

मी म्हणाले, "दूध सांडलं."

भिंगरी आठ वर्षांची असताना सुट्टीत मी तिला मिस्सेला नेलं, म्हणून तू माझ्या दारात बॅग भरून उभी राहिलीस. "तू शब्द दिला होतास" म्हणालीस. तू बोलत होतीस आणि मी मनात म्हणत होते, नुसत्या मिस्सेवर ही इतकी भडकलीय, खरं कळलं तर काय करेल? म्हणून तुला अडवलं नाही. अडवलं असतं तर बोलावं लागलं असतं.

आता तुला कळलं, मी धर्ममाता का होत नाही. एकोणीस वर्षांपूर्वी जे उरकून बसले, ते पहिल्यांदाच होतंय असं दाखवत मी तिच्या खांद्यावर हात कसा ठेवू? फादरांना अजून सांगितलेलं नाही. भिंगरीला तर नाहीच.

तू काहीतरी लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल.

तुझी आई

१६ सप्टेंबर, मंगळवार

प्रिय ताई,

तुझं काही आलं नाही. पोस्टमन माझ्या दारावरून मान खाली घालून जातो, जसा काही त्याचाच दोष आहे.

मी फादरांकडे गेले. त्यांच्या ऑफिसात एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीपर्यंत जुन्या नोंदवह्या. ते माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत, तरी खुर्चीत बसताना मला वॉर्डात चुकलेल्या शिकाऊ नर्ससारखं झालं. सगळं सांगितलं.

त्यांनी तीन प्रश्न विचारले. पाणी डोक्यावरून वाहिलं का, की नुसते ओले हात लावले? शब्द पूर्ण म्हटलेत का? चर्च जे करतं तेच करायचं तुमच्या मनात होतं का? मी म्हटलं, फादर, मला त्या पेल्याचा पोचा कुठे होता तेसुद्धा आठवतं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "सिस्टर, पोरीला कितीतरी महिने त्या पाण्याची ओढ लागलीय. बाप्तिस्मा झालेला असेल तर मला पुन्हा पाणी घालता येणार नाही. पण खरोखर शंका असेल, म्हणजे तुम्हाला नक्की आठवतच नसेल, तर वेगळे शब्द आहेत: तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल, तर मी तुला बाप्तिस्मा देतो. तुमची ठाम खात्री आहे?"

त्यांनी ती वाट सुचवली नाही, पण तिला कडी लावलेली नाही एवढं मला दिसलं. मी म्हटलं, थोडे दिवस द्या.

मग त्यांनी विचारलं, "बाळ खरंच मरणाच्या दारात होतं?" आणि तुला जे लिहिलं ते मला त्यांना सांगता येईना. ताई, तुला मी खोटं लिहिलं. एवढ्या लहान बाळाचा श्वास मिनिटाला साठच्या वर गेला तर घाबरायचं, हे मी शंभर मुलींना शिकवलंय. त्या दुपारी मी घड्याळ लावून मोजले होते. बावन्न. ओठ गुलाबी होते, दूध ओढत होती. ती जाणार नव्हती. मला माहीत होतं. घरात माझ्याशिवाय कोणी जागं नाही, अशी वेळ पुन्हा येणार नव्हती, एवढंच.

फादर म्हणाले, "तुम्ही करायला नको होतं. तरी ते झालेलं आहे."

मी चिडले. म्हटलं, "मग उपयोग काय झाला त्याचा? एकोणीस वर्षं तिच्यात काही दिसलं का?"

"ही लस नव्हे, सिस्टर, टोचली की रोग टळला," ते म्हणाले. "ही हाक आहे. देव एकदा हाक मारतो. माणसाने वळून बघायला वर्षं लागतील, कोणी वळणारही नाही. पण पहिली हाक त्याने परत घेतलेली नसते, म्हणून दुसरी मारत नाहीत."

मी म्हटलं, हाक देवाने मारली की चोरून मी? बहुतेक त्यांनाही ठाऊक नसावं.

आता दोनच वाटा आहेत. "आठवत नाही" म्हणाले तर भिंगरीला तिचं पाणी मिळतं, तुला तुझी निवडणारी मुलगी मिळते, आणि मी तिच्या शेजारी उभी राहते. आठवतं म्हणाले तर तिघींचंही जातं. चौतीस वर्षांत मी एकाही तक्त्यावर खोटा आकडा लिहिलेला नाही. घरात मात्र लिहिला.

तुझी आई

१९ सप्टेंबर, शुक्रवार

प्रिय ताई,

तुझा कागद मिळाला. एवढ्या मोठ्या पाकिटात एकच ओळ. "सांग त्यांना, आठवत नाही. आणि भिंगरीला यातलं काही कळता कामा नये."

मी शिव्यांची तयारी ठेवली होती, याची नव्हती. माझ्या खोटेपणावरून जी अकरा वर्षं माझ्याशी बोलली नाही, ती मला खोटं बोलायला सांगते. मी कागद उलटा करून पाहिला, मागे काही आहे का म्हणून.

पण तुझं बरोबर आहे. मी त्या पोरीचं काहीतरी घेतलंय आणि ते परत देण्याचा हा एकच मार्ग आहे. म्हातारपणी विसरणं कोणाला खोटं वाटत नाही. सोमवारी फादरांना सांगते, आठवत नाही. भिंगरीलाही सांगेन की गुडघे बरे आहेत, मी उभी राहते.

निळी साडी काढून ठेवली आहे.

तुझी आई

२३ सप्टेंबर, मंगळवार

प्रिय ताई,

माझ्या हातून ते झालं नाही. आधी हे वाच, मग हवं तर फाडून टाक.

भिंगरी रविवारी आली. दाराची घंटा काढून टेबलावर तिचे सुटे भाग मांडून बसली. मी म्हटलं, मी उभी राहते गं तुझ्या शेजारी. ती उठून माझ्या गळ्यातच पडली. मग टेस्टर हातात घेऊन बोलत राहिली, काम करताना बोलते तशी. म्हणाली, "आजी, मला त्यातलं काय आवडतं सांगू? माझ्या आयुष्यातलं बाकी सगळं दुसऱ्या कोणीतरी जोडून दिलंय. नाव, भाषा, आडनाव. ही एकच गोष्ट मी स्वतः हात पुढे करून मागतेय. आणि तू शेजारी असशील, कारण तू मला कधी ढकललं नाहीस. तू बाहेर बाकावर बसून राहिलीस. ते मी पाहिलं होतं."

तो टेस्टर असतो ना, तारेत वीज असली की त्याच्या दांड्यातला दिवा लागतो. तो ती सहज फिरवत होती आणि मी त्याच्याकडेच बघत होते. अशा पोरीच्या खांद्यावर खोटा हात ठेवायचा?

मी सांगितलं. टोपी, पेला, बावन्न श्वास, दूध, सगळं. फक्त तुझी ती एक ओळ सांगितली नाही. ती तुझी आहे.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. घंटेचे स्क्रू एकेक करून रांगेत लावले. मग म्हणाली, "म्हणजे मी विचारायच्या आधीच तू उत्तर देऊन टाकलंस." पिशवी खांद्याला लावून म्हणाली, "मला ते पाणी हवं होतं, आजी." आणि गेली. टेस्टर इथेच राहिला. घंटा उघडी पडली आहे. फोन बंद आहे.

काल फादरांना सांगितलं, आठवतं, सगळं आठवतं. त्यांनी मान डोलावली. म्हणाले, घरी घाईत दिलेल्या बाप्तिस्म्यात पाणी आणि शब्द एवढंच होतं, बाकीचे विधी राहून जातात. ती आली तर ते राहिलेले विधी रविवारी पूर्ण करू. तेल, पांढरं वस्त्र, मेणबत्ती आणि प्रश्न. पाणी मात्र नाही. ती आली तर, असं दोनदा म्हणाले.

तू येऊ नकोस म्हणून हे लिहीत नाहीये. तू येशील अशी आशा धरायचा हक्क मला नाही, एवढं मला कळतं.

तुझी आई

२९ सप्टेंबर, सोमवार

प्रिय ताई,

काल तू चर्चच्या फाटकाशी दोन वाक्यं बोललीस आणि बस आली. मला तोंड उघडायला वेळ मिळाला नाही. मिळाला असता तरी मी काय दिवे लावले असते म्हणा. म्हणून लिहिते.

मी निळी साडी नेसले नाही. दुसऱ्या रांगेत कडेला बसले. दार उघडलं की मागे बघायचं नाही, असं ठरवलं होतं आणि प्रत्येक वेळी बघत होते. तू शेवटच्या बाकावर येऊन बसलीस. भिंगरी आली तेव्हा फादर वेदीजवळ पोचले होते. माझ्या बाजूने गेली, माझ्याकडे पाहिलं नाही. प्रार्थनागटातल्या बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात बघताना जे झालं ते झालं, त्याबद्दल तक्रार नाही.

फादरांनी लोकांना सरळ सांगितलं की हिचा बाप्तिस्मा पाच आठवड्यांची असताना घरी झालेला आहे. तेव्हा तिच्या वतीने प्रश्नांना कोणी उत्तर दिलं नव्हतं. प्रश्न एकोणीस वर्षं तसेच राहिले आहेत, ते आज विचारतो. मग त्यांनी विचारलं, तू विश्वास ठेवतेस का? ती इतका वेळ गप्प राहिली की मागे कोणाचं तरी पुस्तक पडलं. मग म्हणाली, "होय, ठेवते." माइक तिनेच दुरुस्त केलेला, तुझ्या बाकापर्यंत स्वच्छ ऐकू आलं असणार. तीनदा विचारलं, तीनदा म्हणाली. मी सिंकवर पाणी घातलं होतं, पण हे तिच्या तोंडून काढून घेणं माझ्या हातात नव्हतंच. मी उगाच इतके दिवस सगळं माझ्याच हातात धरून बसले होते.

ऑफिसात नोंदवही उघडली तेव्हा आपण तिघी अकरा वर्षांत प्रथमच एका टेबलाशी होतो. फादर लिहीत होते. तारीख, एकोणीस वर्षांपूर्वीची. ठिकाण, घरचं स्वयंपाकघर. बाप्तिस्मा देणारी, माझं नाव. पुढचा रकाना साक्षीदाराचा. ते म्हणाले, "इथे रेघ मारतो."

"रेघ मारू नका," तू म्हणालीस. "मी होते. पडद्याशी उभी होते."

भिंगरीने तुझ्याकडे पाहिलं. मी नाही पाहिलं. मी वहीकडे बघत राहिले, कारण मला पलंग दिसत होता आणि तुझ्या पायांतल्या चपला. झोपेतून उठलेल्या माणसाच्या पायांत चपला नसतात. एकोणीस वर्षं मी ते चित्र डोक्यात घेऊन फिरले आणि नीट पाहिलं नाही, आणि म्हणे सिस्टर.

तू सही केलीस. भिंगरीने तुला विचारलं, "मग थांबवलं का नाहीस?" तू म्हणालीस, "मलाही भीती वाटत होती." मग कळलं, ते "सांग, आठवत नाही" कोणासाठी होतं. तुला तिच्यापासून माझा गुन्हा लपवायचा नव्हता, तुझा पडदा लपवायचा होता. मी तुला दोष देत नाही. आपण दोघी एकाच मातीच्या.

टेस्टर मी पिशवीतून नेला होता, तो भिंगरी मागून घेऊन गेली. येत्या रविवारी येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही. घंटेचे भाग मी आवरलेले नाहीत. लोक दार वाजवतात, चालतं.

आणि फाटकाशी तू जे बोललीस. "मला माहीत होतं, तरी मी विचारलं होतं. तू खरं सांगशील म्हणून विचारलं होतं." मी इतकी वर्षं समजत होते, तू मिस्सेवरून गेलीस. तू त्या दुपारीच गेली होतीस. माझ्यापुढे एक साधा प्रश्न ठेवला होतास, मी खरं सांगितलं असतं तर कदाचित तू भांडली असतीस, कदाचित माझ्या कुशीत रडली असतीस, पोर आपल्या दोघींच्या मध्ये असती. मी दूध म्हणाले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं आहे, ते देते. टोपी पाण्याने ओली झाली होती, ताई. मी तिला बाप्तिस्मा दिला, तुला न विचारता.

तुझी आई